तिसऱ्या मजल्याच्या सळया

आमचे हे गवंडी. सरकारी घर मंजूर झालं तेव्हा सगळ्यांनी उभे राहत आलेले खालचे मजले मागितले, ह्यांनी तिसरा मागितला. का, तर तो अजून बांधायचा होता. "आपलं घर आपल्या हातानं बांधीन," म्हणाले. मी म्हटलं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागताय. पण ऐकतील तर ते हे कसले!

आमची जिन्याखालची एकच खोली. सासूबाईंना पाय पसरायला जागा नाही, म्हणून त्या कधीच्या लेकीकडे. जावयाच्या घरात म्हातारपण काढायचं म्हणजे प्रत्येक घास मान खाली घालून. घर झालं की त्यांना आणायचं, एवढंच आमचं ठरलेलं. तिसरा मजला म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "बसत बसत चढेन गं."

दुसऱ्या मजल्यावर स्लॅब ओतून झाला आणि लोखंड-सिमेंटचे भाव भडकले. सरकारचा दर मात्र जुनाच. लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार म्हणत कंत्राटदार निघून गेला. त्या दरात नवा कुणी येईना. पुढचा मजला जोडायला ठेवतात तशा खांबांच्या सळया तेवढ्या वर उभ्या राहिल्या. गंजू नयेत म्हणून हे सुट्टीच्या दिवशी जाऊन त्यांना सिमेंटचं पाणी फासायचे. मी चिडवायचे, "माझ्या डोक्याला कधी इतक्या मायेनं तेल नाही लावलंत."

परवा इंजिनिअर साहेबांनी बोलावलं. काम सुरू होणार म्हणून हे थापी घासूनपुसून घेऊन गेले.

साहेब म्हणाले, "मिस्त्री, पैसा एवढाच उरलाय. झालेले मजले तरी पुरे करून देऊ. वरचा रद्द. सळया कापून टाका, नाहीतर तिथून पाणी मुरेल."

"वरच्या लोकांचं काय, साहेब?"

"पुढच्या योजनेत बघू."

घरी येऊन ह्यांनी हे सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कापू दे दुसऱ्या कुणाला. तर हे म्हणाले, "दुसरा कसंही कापेल, खालच्यांच्या घरात गळेल."

आज डबा घेऊन गेले तर हे कापतच होते. कापलेल्या सळया कोऱ्या करकरीत, गंजाचा ठिपका नाही. मला तिथेच रडू आलं.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "कुठवर आलं रे घर?"

हे म्हणाले, "वरचं काम संपलं, आई."

"मग बोचकं बांधून ठेवते," सासूबाई म्हणाल्या, आणि लगेच तिकडे जावयाला हाक मारून सांगू लागल्या. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला.