शिल्लक एक

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया, म्हातारे, टाय लावलेले साहेबसुद्धा फोन घेऊन सतरंजीवर बसलेले. काउंटरवर मांडी घालून शिल्लकबाबा. ऑनलाइन संपलेली वस्तू म्हणे ह्याच्या फुंकरीने परत शिल्लक दिसायची. कालपरवापर्यंत हाच इसम फोनला काचा चिकटवायचा.

"फोन पालथे! डोळे बंद! भावना शुद्ध, बॅटरी फुल!"

चांगलं ताटकळत ठेवून मग त्याने एकेका फोनवर फुंकर मारली. "उघडा!"

माझ्या मुलाने फोन उलटला आणि ओरडलाच. काल 'संपले' म्हणणाऱ्या कंपनीच्या पानावर आज 'शिल्लक: एक'! त्याच्या वडिलांचं कानाचं यंत्र बिघडलं होतं, आणि त्याला हुबेहूब तसलंच हवं होतं.

"दुसरं घे की. डॉक्टर म्हणालेत, चालतं," मी म्हटलं.

"आई, हेच मिळतंय तर दुसरं कशाला?"

ऑर्डर दिली. मग निरोप आला, 'क्षमस्व, वस्तू उपलब्ध नाही.' पुन्हा बाबा, पुन्हा फुंकर, पुन्हा शिल्लक एक, पुन्हा क्षमस्व.

शेवटी बाबाने डोळे वटारले. "तुझ्या घरात कुणीतरी शंकेखोर आहे. त्या तोंडाला कुलूप घाल. यंत्र चालत येईल."

कुणाचं तोंड, हे घरात कुणाला विचारावं लागलं नाही. 'फुंकरीने वस्तू येत असती तर याने आधी स्वतःसाठी अक्कल मागवली असती,' असं मी भर दुकानात म्हटलं होतं.

मुलाने हात जोडले. "आई, आपल्या बाबांच्या कानांसाठी. यंत्र येईपर्यंत गप्प बस."

शाळा माझ्या वाट्याला फार आली नाही, पण तोंड मला कुणाकडून उसनं आणावं लागलं नाही. यंत्र बिघडल्यापासून हे माझे ओठ बघूनच सगळं समजून घ्यायचे. मी कडाकडा बोलायचे, हे बघत हसायचे. मी ओठ मिटले, तसे हे बावरले.

"काय गं, माझं काही चुकलं का?"

मी मान हलवायचे, नाही. ह्यांना पटायचं नाही. स्वतः चहा करून माझ्यापुढे ठेवायचे आणि ओठांकडे बघत बसायचे. एका दुपारी तसेच बसल्या बसल्या गेले.

लेक आली. ती कॉम्प्युटरचं काम करते. रडणं आवरल्यावर तिने त्या कंपनीला फोन लावून खोदून खोदून विचारलं. मग सकाळी मला आणि भावाला घेऊन दुकानात उभी राहिली.

"शिल्लकबाबा, आज फुंकर मारायची नाही. आणि तुम्ही सगळे डोळे उघडे ठेवा."

बाबाची चुळबुळ सुरू झाली. तिकडे कंपनीचं ऑफिस उघडलं, आणि इकडे फुंकरीवाचून फोनांवर उमटायला लागलं, 'शिल्लक: एक'.

"वस्तू नाहीच आहे," लेक म्हणाली. "कंपनीचा प्रोग्राम जुनापुराणा. कुणी ऑर्डर देतं, गोदामात कपाट रिकामं निघतं, ऑर्डर रद्द होते. प्रोग्रामला वाटतं, वस्तू परत आली. ऑफिस उघडलं की तो आकडा एकने वाढवतो. नसलेली वस्तू पुन्हा विकायला तयार! ह्या बाबाला फक्त ती वेळ माहीत होती. तोवर तुम्हाला पालथे फोन घेऊन बसवायचं."

"पण ताई, श्रद्धा..." बाबा पुटपुटला.

"गप!" मी म्हटलं. किती दिवसांनी आवाज फुटला. "माझं कुलूप आता तू लाव."

मुलाने फोन सतरंजीवर ठेवून दिला. "दुसरं घेतलं असतं तर, आई..."

मी तो उचलून त्याच्या खिशात घातला.

तुम्हाला सांगते. चमत्कार दिसला की एकदा फुंकरीवाचून करून बघा. आणि शंका घेणाऱ्याचं तोंड बंद करा असं कुणी सांगितलं, तर ओळखा, त्याच्याकडे उत्तर नाही. पडद्यावरचा आकडासुद्धा कुणा माणसाने बसवलेला असतो. तोही चुकतो. विचारा. मोठ्याने विचारा.

घरी येऊन मी ह्यांच्या खुर्चीसमोर बसले. ओठ नीट, सावकाश हलवत म्हटलं, "तुमचं काही चुकलं नव्हतं हो."