नवस फेडल्यावर

त्या शनिवारी भागीबाय किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. बोईसरच्या शाळेत शिकवणारी, सुटीला घरी आलेली तिची लेक पुष्पलता शेजारी उभी राहून जोड्या लावून देत होती.

"तुझी जोडी बग गो बाय, नवराबायको भांडल्यावानी तोंडं हायेत!" भागी हसली, हसता हसता खोकली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, "वारा लागला."

पुष्पलताने पदराकडे पाहिलं नाही.

रविवारी पहाटे भागीच्या तोंडातून रक्त आलं. डॉक्टरांना आणायला पुष्पलताचा भाऊ महादू सायकलवर निघाला, तो वेशीपर्यंत पोचायच्या आत आई गेली.

गाव म्हणालं, दृष्ट लागली.

दोन वर्षांपूर्वी आईला क्षय निघाला तेव्हा पुष्पलताच तिला सुईसाठी पालघरच्या दवाखान्यात नेई. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं, "काही महिन्यांत अंग भरेल, खोकला जाईल. धोका तेव्हाच. बरं वाटलं म्हणजे बरं झालं, असं नव्हे. मी थांबवेन तेव्हाच थांबायचं." पुष्पलताने पुस्तकं मिळवून वाचली. तीही हेच सांगत होती.

आणि खरंच अंग भरलं. भागी पुन्हा भरली पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाऊ लागली. तिने देवीला कोंबडा दिला, ओटी भरली. तिच्या लेखी दुखणं तिथं संपलं होतं. नवस फेडूनही औषध घेत राहायचं म्हणजे देवीवर भरवसा नाही असंच व्हायचं. तरी लेक म्हणते म्हणून ती सुईला येत राहिली.

एका सकाळी दोघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या असताना पुष्पलताच्याच शाळेतले आत्माराम मास्तर समोर आले.

"बाई, तुम्ही इथं? कोण आजारी?"

"या आमच्या शेजारच्या. सोबत कुणी नव्हतं म्हणून आले." दारात उभ्या असलेल्या नर्सबाईंनीही ते ऐकलं.

भागीने एकदा लेकीकडे पाहिलं. मग मास्तरांना म्हणाली, "शेजारीणच हाय मी. बाय लय गुणाची हाय."

परतताना एसटीत तिने पाटी मांडीवर घेतली. "नवस फेडलाय, पुष्पे. आता सुई घेतली तर देवी रागवंल. नको येऊ तू."

देवीला पुढे करून आई आपल्याला सोडवते आहे, हे पुष्पलताला तिथल्या तिथे कळलं. डॉक्टरांचे शब्द ओठांवर होते. ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि तिला हलकं वाटलं. पुढे तिला सगळ्यांत जास्त छळलं ते त्या हलकं वाटण्याने.

आई गेल्यावर महादूच्या बायकोच्या, नलूच्या छातीतही डाग निघाला. तिला सुईला महादूच नेई. पुष्पलता त्या दवाखान्याकडे फिरकली नव्हती.

नारळी पुनव जवळ आली तशी नलू एकदा कोंबड्याला दाणे टाकत म्हणाली, "ह्यो देवीचा. पुनवेला नवस फेडते न मंग सुया बंद. बगा ना वन्सं, कशी म्हशीवानी झाले!"

"नवस फेड. पण सुई थांबवायची नाय."

"का? आयेनं नाय थांबवली? देवीनं बरं केल्यावर?"

नलू खरंच विचारत होती.

"उद्या मी येते तुझ्याबरोबर," पुष्पलता म्हणाली.

बाक तोच होता. नर्सबाईंनी तिला लगेच ओळखलं.

"अहो बाई, किती दिवसांनी! तुमच्या त्या शेजारीण कशा आहेत? मध्येच यायच्या बंद झाल्या. बऱ्या आहेत ना?"

"कोण शेजारीण, वन्सं?" नलूने विचारलं.

बाकावरची माणसं वळून बघू लागली. त्यांत बोईसरचंही कुणी असेल. पुष्पलताचे कान तापले. 'हो, बऱ्या आहेत' म्हटलं की झालं असतं. ती उठून उभी राहिली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा अशा आवाजात बोलली.

"शेजारीण नव्हती. माझी आई होती ती. तिला क्षय होता. मला तिची लाज वाटली म्हणून तिने सुई सोडली, आणि मी सोडू दिली."