आधी वळण की आधी उडी

दुकानात आलेल्या माणसाला चष्मा नकोच होता, हे ताईंनी पहिल्याच तपासणीत ओळखलं. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ त्याने घडाघडा वाचली. वर कोपऱ्यात छापखान्याचं मुंगीएवढं नाव होतं, तेही वाचून दाखवलं.

"तुम्हाला नंबर नाही," ताई म्हणाल्या.

"तरी एक फ्रेम द्या. साध्या काचेची. वाऱ्याने डोळ्यांना पाणी येतं." काळी जाड फ्रेम डोळ्यांवर चढवून तो आरशात पाहायलाही थांबला नाही. "रविवारी तुमच्या वरच्या खोलीत विमानवाल्यांची बैठक असते म्हणे. मी आलो तर चालेल?"

तो गेल्यावर गल्ल्यावर बसलेल्या सासूबाईंनी दाराकडे बोट केलं. "सगळं दिसणारा माणूस चष्मा मागतो, म्हणजे त्याला स्वतःला कुणाला दिसायचं नाहीये. पाणी मुरतंय गं कुठेतरी."

ताईंनी हसून सोडून दिलं, पण मनात पाल चुकचुकलीच. त्याला कारणही तसंच होतं.

वरच्या खोलीतली मंडळी म्हणजे ताई, भूगोलाचे मास्तर आणि बँकेतला कॅशियर. अधूनमधून आणखी कुणी टपकायचं, पण अस्सल विमानवेडे हे तिघेच. हवाईदलाच्या तळाबाहेर जुन्या खाणीचा उंचवटा होता. तिथे उभं राहून फोटो काढायचे आणि रविवारी चहा पीत त्यावर तावातावाने भांडायचं, हा त्यांचा नेम. कुठलं लढाऊ विमान कधी पडलं, पक्ष्यामुळे की इंजिनामुळे, यावर मास्तर आणि कॅशियरने एकमेकांशी अबोलाही धरलेला होता.

दोन महिन्यांपूर्वी मात्र अपघात त्यांच्या डोळ्यांदेखतच झाला. हवाई कसरतींची तालीम चालू होती. एक विमान खालून संथ गतीने आलं, वर चढू लागलं आणि मध्येच मरगळलं. नाक फिरलं ते थेट खाणीच्या उंचवट्याकडे. कॅशियर ओरडत खाली पळाला. मास्तर जागच्या जागी खिळले. मग विमान डावीकडे कलंडलं आणि पलीकडच्या पडीक रानात जाऊन आदळलं. वैमानिक सीटसकट बाहेर फेकला गेला होता; तो वाचला.

दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं, की त्या बहाद्दराने लोकांना वाचवण्यासाठी शेवटच्या क्षणी विमान वळवलं आणि मगच उडी मारली. तळाने त्याचं नाव जाहीर केलं नव्हतं, पण शहराने त्याला डोक्यावर घेतलं. मास्तर तर वर्गात, रस्त्यात, भेटेल त्याला सांगायचे, "आज मी तुमच्यासमोर उभा आहे ना, तो त्याच्यामुळे."

ताई या कौतुकात सूर मिसळत नव्हत्या. त्यांचं बोट तेव्हा कॅमेऱ्याच्या बटणावरून उठलंच नव्हतं, फोटो पटापट निघत राहिले होते. घरी येऊन त्यांनी फोटो मोठे करून पाहिले आणि कार्ड काढून दुकानाच्या खणात टाकलं. ते फोटो त्यांनी कुणालाही दाखवले नाहीत. कॅमेऱ्याने ऐनवेळी दगा दिला, असं सांगून मोकळ्या झाल्या.

आणि आता हा चष्मेवाला.

पहिल्या रविवारी तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला. पाठ काठीसारखी ताठ, भिंतीला एकदाही टेकला नाही. उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून उठायचा. बोलायचा कमी, पण बोलला की तळाच्या त्या अपघाताबद्दलच.

"तुम्ही पाहिलंत ना? मग आधी काय झालं? कॅनपी उडाली की विमान वळलं?" वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण, म्हणजे ती कॅनपी, आधी उडते आणि मग सीट बाहेर पडते, हे खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं.

"वळलं! आधी वळलं!" मास्तर गरजले. "तिथे होतो मी!"

"डोळ्यांनी पाहिलंत?"

"म्हणजे काय! मी काय डोळे मिटून उभा होतो?"

खरं तर मास्तर डोळे मिटूनच उभे होते. ताईंनी चहाच्या कपात नजर बुडवली.

तो गेल्यावर खोलीत कुजबुज सुरू झाली. "चौकशीवाला असणार," मास्तर म्हणाले. "खाणीवर उभं राहायला बंदी आहे. कॅमेरे जप्त करतील."

"छे, हेर आहे," कॅशियर म्हणाला. "परदेशी. बूट पाहिलेत? कसले चकचकीत!"

"हेर कुठे चकचकीत बूट घालून फिरतो का रे?"

ताईंना वेगळीच शंका होती. हा माणूस त्या वैमानिकाला खोटं पाडायला आलाय. कुणाला तरी त्याच्या नावावर चिखल उडवायचाय आणि त्यासाठी हवा तो पुरावा नेमका आपल्याच घरात आहे. त्यांनी कॅमेऱ्याचं कार्ड दुकानातून उचललं आणि सासूबाईंच्या लोकरीच्या डब्यात, गुंड्यांच्या तळाशी दडवलं.

पुढच्या रविवारी त्याने थेट त्यांनाच विचारलं, "ताई, तुमच्याकडे काहीच कसं नाही? तुमच्याकडे तर सगळ्यांत मोठी लेन्स आहे."

"बॅटरी संपली होती," ताई म्हणाल्या.

"मागच्या वेळी कॅमेरा अडकला म्हणालात."

ताईंचे कान तापले. "दोन्ही झालं," त्या तुटकपणे म्हणाल्या. आता तर त्यांची खात्रीच पटली, की हा साधासुधा माणूस नाही.

तेवढ्यात तळावरून एक जेट झेपावलं आणि खिडकीची तावदानं थरथरली. मास्तर, कॅशियर दोघेही सवयीने खिडकीकडे धावले. हा मात्र उठला नाही. त्याने टेबलाची कड घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती आणि कपाळावर घाम. लोकर घ्यायला वर आलेल्या सासूबाई दारातच थबकल्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि हलकेच म्हणाल्या, "अगं, हा घाबरवणारा नाही. घाबरलेला आहे."

बैठक मोडल्यावर ताईंनी त्याला थांबवून घेतलं. खाली तपासणीच्या खोलीत नेलं, दार लोटलं.

"आता सरळ सांगा. कोण आहात तुम्ही? त्या पोराला अडकवायला आलात ना?"

"कुठल्या पोराला?"

"विमानातल्या. आम्ही जिवंत आहोत ते त्याच्यामुळे. त्याच्याविरुद्ध माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही, सांगून ठेवते."

त्याने काळी फ्रेम काढून हातात धरली. "ताई," तो म्हणाला, "तो मीच आहे."

"कशावरून?" ताईंचा संशय इतक्यात हटणारा नव्हता. "उद्या कुणीही येईल आणि मीच म्हणेल."

त्याने शर्टाची वरची बटणं सोडली. गळ्यापासून खाली कडक पट्ट्यांचा पाठीचा आधार आवळलेला होता. "सीट उडाली की मणके दबतात. मी बोटभर बुटका झालोय. आई म्हणते, लहानपणी घातलेलं दूध वाया गेलं." त्याने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

ताई खुर्चीवर बसल्या. "मग तुम्ही आम्हाला कशाला विचारताय? तुम्हाला ठाऊकच असणार."

"तेच तर ठाऊक नाही. इंजिनाने धक्का दिला, तिथपर्यंत आठवतं. पुढे एकदम गवत. मधलं काहीच नाही. चौकशीत तसं सांगितलं, तर त्यांना वाटतं मी चूक लपवतोय. तळावरच्या वसाहतीत बाहेर पडलं की ओळखीचे लोक फुलं हातात देतात. एक बाई तर लेकराला माझ्या पाया पडायला लावत होती. मी खरंच वळवलं असेल तर ठीक. पण नसेल तर? माझाच माझ्यावर विश्वास राहिलेला नाही. मी कोण ते सांगितलं असतं तर तुम्ही गोड गोडच बोलला असतात. म्हणून हे सोंग."

ताई उठल्या. लोकरीच्या डब्यातून कार्ड काढून आणलं आणि पडद्यावर फोटो लावले. सांगायचं धैर्य होत नव्हतं, म्हणून नुसतेच एकामागून एक दाखवत गेल्या. पहिल्यात विमानाचं नाक उंचवट्याकडे. दुसऱ्यात कॅनपी उडालेली, पंख अजून सरळ. तिसऱ्यात सीट पार बाहेर, पंख तरीही सरळ, नाक तरीही उंचवट्याकडेच. चौथ्यात रिकामं विमान डावीकडे कललेलं.

तो पुढे झुकून पाहत राहिला. पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

"म्हणजे मी वळवलं नाही."

"नाही."

"ते आपलं आपणच गेलं."

"तुम्ही बाहेर पडलात म्हणूनही कदाचित..."

"नको, ताई. असं काही जोडू नका." त्याने दोन्ही तळव्यांनी चेहरा पुसला. त्याचे खांदे सैल झाले होते, एवढं ताईंना दिसलं. "हे मला चौकशीत द्यायचेत."

"नाव जाईल तुमचं. लोक वाट्टेल ते बोलतील."

"बोलू देत. आता निदान खरं काय ते मला माहीत असेल."

फोटो गेले. चौकशीवाल्यांनी ते बारकाईने पाहिले, तेव्हा कॅनपी उडण्याआधीच इंजिनाच्या मागून निघालेला आगीचा लोळही त्यांना दिसला. दोष इंजिनाचा ठरला, वैमानिकाचा नाही. पण वळवल्याची कथाही संपली. फुलं बंद झाली. काहींनी तोंडावर म्हटलं, आधी स्वतःचा जीव वाचवला गड्याने.

सगळ्यात जास्त चिडले मास्तर, आणि तेही ताईंवर. "दोन महिने माझ्याशी खोटं बोललात! आणि बोललातच, तर शेवटपर्यंत तरी बोलायचं!" असं म्हणून जिना उतरले, ते महिनाभर फिरकले नाहीत. कॅशियर मात्र येत राहिला. वैमानिकाला आपण हेर समजलो होतो, हे त्याने त्याला नंतरच्या पहिल्याच रविवारी सांगून टाकलं आणि त्याच्याकडून ते बूट कुठे मिळतात याची चौकशी करून घेतली.

एका रविवारी जिन्यावर ओळखीची धाप ऐकू आली. मास्तर वर आले. कुणाकडे न पाहता त्यांनी खुर्ची ओढली आणि नेमकी वैमानिकासमोर मांडली.

"मग आम्ही वाचलो कसे?" त्यांनी विचारलं.

"नशिबाने," वैमानिक म्हणाला.

"मला नाही पटत."

"मलाही पटत नव्हतं, मास्तर. पण पंख सरळ होते."

"पंख सरळ असले म्हणून काय झालं? हात आधीच विमान वळवायच्या दांड्यावर दाबलेला असेल, विमान उशिरा वळलं असेल. हे शक्य आहे की नाही?"

"शक्य आहे. पण मला आठवत नाही."

"तुम्हाला नाही आठवत म्हणून घडलंच नाही, हे कुठलं तर्कशास्त्र?" मास्तरांनी टेबलावर हात आपटला. कॅशियरने त्यांना खोडून काढायला तोंड उघडलं, वैमानिकाने कागद ओढून विमानाचं चित्र काढायला घेतलं आणि ताई चहा टाकायला उठल्या.