मधुकररावांच्या आवाजात

प्रेमानंद चर्चचा पाळक व्हायला निघाला तेव्हा त्याच्या आईला आनंद झाला आणि ऑर्केस्ट्रावाल्यांना दुःख. सात वर्षं तो नकला करत होता. हिंगण्याच्या कंपन्यांची स्नेहसंमेलनं, लग्नं, वाढदिवस. नट, पुढारी, थंडीत सुरू न होणारी कंपनीची बस, सगळं एकाच गळ्यातून. लोक पोट धरून हसायचे. मग एका उपवासाच्या प्रार्थनेत त्याला हाक आली. असं तो सांगतो, आणि आपण कशाला शंका घ्यायची? पाळकांच्या प्रशिक्षण शाळेत नाव घालताना त्यानं प्राचार्य साळवे यांना लिहून दिलं, की आजपासून नकला बंद.

लिहून द्यायला काय जातं? पहिल्याच वर्षी मेसमध्ये त्यानं साळवे सरांचा आवाज काढला, आणि सर भाजीची वाटी घेऊन मागेच उभे. सर हसले नाहीत. “व्यासपीठावर एकच माणूस उभा दिसला पाहिजे, प्रेमानंद,” एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यानं तोंडाला कुलूप घातलं. पण नकला गेल्या आणि मागे जो आवाज उरला तो कोरडा ठणठणीत निघाला. तो उपदेशाला उभा राहिला की लोक घड्याळाकडे बघत. दुसऱ्यांचे आवाज काढण्यात उमेदीची वर्षं गेली, स्वतःचा कमवायचा राहूनच गेला. हे त्याला कळत होतं आणि फार दुखत होतं. पाळक होण्यापलीकडे त्याला आता दुसरं काहीच नको होतं.

तिसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना दवाखान्याच्या भेटी असतात. दर गुरुवारी नेमून दिलेल्या रुग्णाजवळ बसायचं आणि प्रार्थना करायची. प्रेमानंदच्या वाट्याला धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यातल्या सत्यवतीबाई आल्या. सत्त्याहत्तर वर्षांच्या. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. साखरेनं डोळे गेलेले, आता किडन्याही चालल्या होत्या. सून प्रेमिला जवळ असे. बाईंचा एकच धोशा, पाद्री मधुकरराव कधी येतील? मधुकरराव तीस वर्षं त्यांच्या मंडळीचे पाळक होते, आणि ते कोरोनात वारले होते. बाई तेव्हाही आजारी म्हणून घरच्यांनी बातमी लपवली. पुढे ती सांगायला तोंडच राहिलं नाही. “येतील, येतील,” सून म्हणे.

पहिल्या गुरुवारी प्रेमानंदनं प्रार्थना सुरू केली. चार वाक्यं झाली नाहीत तोच बाईंनी हात वर केला.

“राहू दे बाबू. तू चांगला पोरगा आहेस. पन तुह्या बोलन्यातून मले काही पोचून नाही राहिलं.”

पुढचे दोन गुरुवारही तसेच गेले. बाईंनी खाणं जवळजवळ सोडलं होतं. चौथ्या गुरुवारी प्रेमिला औषधं आणायला खाली उतरली, आणि प्रेमानंदनं कुलूप उघडलं.

मधुकररावांना त्यानं चर्चच्या संमेलनांमधून कितीदा तरी ऐकलं होतं. वाक्याआधीचा बारीक खोकला, ‘बाई’ म्हणताना लांबवलेला शेवट, दम लागल्यासारखं मध्येच थांबणं. एकदा कानावर पडलेला आवाज त्याच्या गळ्यातून जात नसे.

“सलाम, बाई,” तो म्हणाला. “उशीर झाला मले.”

बाईंची मान वळली. “आले तुम्ही? लई वाट पाहाले लावली, पाद्रीसाहेब.” आणि त्या लहान पोरीसारख्या रडल्या. त्या आवाजातली प्रार्थना त्यांनी शेवटच्या आमेनपर्यंत ऐकली. प्रेमिला वर आली तर बाई वरणभात मागत होत्या. पाद्रीसाहेब येऊन गेले असं त्या सांगत होत्या ते सुनेनं भ्रमात जमा केलं, पण प्रेमानंदला मात्र ती हात जोडून म्हणाली, “तुमच्या प्रार्थनेनं जेवल्या वं त्या.” हात जोडण्याच्या भरात बायकांना लावायचं ‘वं’ आपण कोणाला म्हणतोय याचंही तिला भान नव्हतं.

दयेपोटी केलं, असं प्रेमानंद पुढे स्वतःला समजावत राहिला. दया असेल चार आणे. बारा आणे जुनी खाज होती. दवाखान्यातून मोटरसायकलवर निघाला तेव्हा त्याच्या अंगात कार्यक्रम संपल्यावरची झिंग होती, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपण पाळक आहोत असं वाटत होतं.

पाचव्या गुरुवारी बाईंनीच सुनेला बाहेर पाठवलं.

“पाद्रीसाहेब आहेत का?”

त्यानं आधी खोकला काढला. “आहो ना, बाई.”

“चाळीस वर्षं झाले, सांगाची हिंमत नाही झाली,” बाई म्हणाल्या. “दुपारच्या पाळीत माहा डोळा लागला. ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं ते मले समजलंच नाही. एक लेकरू गेलं. डॉक्टरांनी विचारलं त मी म्हनलं, वच्छलाले बसवलं होतं तिथं. वच्छला आमची आया होती. तिची नोकरी गेली. जाताना तिनं माह्याकडे पाहिलं, पन कोनाले काही म्हनली नाही. मले माफी भेटन का?”

इथं कोणत्याही भल्या माणसानं थांबायला हवं होतं. प्रेमानंदलाही थांबायचं होतं. पण रंगात आलेला नकलाकार मध्येच थांबत नसतो.

“झालं गेलं, बाई,” मधुकरराव म्हणाले. “प्रभूनं तुम्हाले माफ केलं.”

बाई शांत झोपल्या. प्रेमानंदला मात्र त्यानंतर घास गोड लागेना. बाईंनी चाळीस वर्षं जे कोणाला दिलं नव्हतं ते त्यानं सोंग घेऊन काढून घेतलं होतं. चार दिवसांनी तो साळवे सरांसमोर जाऊन उभा राहिला. बाईंचं गुपित तेवढं सोडून सगळं त्यानं सांगून टाकलं.

सर म्हणाले, “पाळकपदाच्या दीक्षेची यादी पंधरा तारखेला जाते. त्याआधी बाईंना खरं सांग. सांगितलंस तर तुझं नाव तिच्यात जाईल.”

“सर, त्यांना शांती मिळाली आहे.”

“खोट्याकडून मिळालेली.”

सरांचं काही चुकलं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. चुकलं असतं तर भांडता आलं असतं.

सहाव्या गुरुवारी प्रेमिला बाहेर गेल्यावर प्रेमानंद खाटेजवळ बसला तेव्हा तो खऱ्यासाठी आला होता की यादीसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

“बाई, मी प्रेमानंद,” तो आपल्या आवाजात म्हणाला. “ते दोन गुरुवार मीच होतो. मी पूर्वी नकला करत होतो. मधुकरराव आले नव्हते. ते तीन वर्षांपूर्वी वारले.”

चादरीची कड बाईंनी मुठीत धरली आणि सोडली. मग विचारलं, “मंग मले माफ कोनं केलं?”

“प्रभूनं, बाई.”

“तुले कोनं सांगतलं?”

तीन वर्षांत शिकलेलं एक वाक्यही त्याच्या मदतीला आलं नाही.

“आता हे तू सगळ्यायले सांगशील.”

“नाही सांगणार, बाई. शपथ घेऊन सांगतो.”

“तुह्याजवळ लई तोंडं आहेत बाबू. कोनत्या तोंडानं नाही म्हनून राहिला?”

“मी प्रार्थना करू? माझ्या आवाजात?”

“जाय आता,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीकडे कूस वळवली.

पंधरा तारखेला यादी गेली आणि तिच्यात त्याचं नाव होतं. साळवे सरांनी वर्गात सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली. खरं बोलायला छाती लागते, म्हणाले. प्रेमानंदनं मान खाली घातली ती सर्वांना नम्रता वाटली. पुढच्या सोमवारी सत्यवतीबाई गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी अन्न घेतलं नाही आणि कोणाला खाटेजवळ प्रार्थनाही करू दिली नाही.

दफनविधीनंतर प्रेमिला त्याला शोधत फाटकाशी आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

“एक विचारू का तुम्हाले?” ती म्हणाली. “आई शेवटी सारखं एकच विचारत होत्या, देलेली माफी वापस घेतात का म्हनून. मी म्हनलं, कशाची माफी, आई? त त्या काही सांगत नव्हत्या. तुमच्यापाशी काही बोलल्या होत्या का?”

“नाही,” प्रेमानंद म्हणाला.

“मले वाटलं, तुम्हाले माहीत असन. तुम्ही पाद्री आहात.”

ती ऑटोत बसून निघून गेली. दोन आठवड्यांनी त्याला दीक्षा मिळाली.