पाण्यातली नळी

प्रफुल्ल सर गोंडपिपरीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे. माणूस मनाचा चांगला, पण एकदा बोलला की ते ब्रह्मवाक्य!

त्यांची विद्यार्थिनी दिव्यानी कार्बनच्या नॅनोनळ्यांवर पीएचडी करत होती. केसाहून हजारो पटींनी बारीक नळी, छातीसारखी फुगते नि आकसते. ती पाण्यात ठेवली तर हा कंप कसा बदलतो, ते कॉम्प्युटरवर काढायचं. दिव्यानीचं उत्तर आलं, कंप जलद होतो. झालं! सर उखडले. घरून बैलाच्या गळ्यातली घंटी आणून त्यांनी सगळ्यांसमोर बादलीत बुडवून वाजवली. "आयकलं? पाण्यात आवाज बसते का चढते? आवाज बसला म्हंजे कंप मंद. बैलाले समजते, तुले काऊन नाई समजत?" पोरं खो खो हसली.

पुढं ती नवे आकडे घेऊन आली. कंप मंद! सरांनी पेढे वाटले, प्रबंधावर सही ठोकली.

उद्या तोंडी परीक्षा. परीक्षकानं अडवलं तर उत्तर हवं, म्हणून आज सरांनी स्वतः तोच हिशोब चालवला. कंप जलद. पुन्हा चालवला, तरी जलदच. मग लख्ख उजेड पडला. नळीभोवती पाण्याचे रेणू थर धरून बसतात. ती फुगू लागली की थर स्प्रिंगसारखा तिला आत रेटतो. घंटीला पाण्याचं ओझं ओढावं लागतं, इथं ओझ्यापेक्षा रेटा भारी, म्हणून कंप जलद. सरांना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तडक गाडी काढून ते गडचांदूरला तिच्या घरी पोचले. दिव्यानीची आई वच्छलाबाई चहा ठेवायला आत गेल्या.

"तुझं पयलं उत्तर बरोबर होतं," सर म्हणाले. "मंग दुसरं आलं कुठून?"

"तुमीच म्हणले, मंद व्हाले पायजे. होतच नोतं, सर. मंग मी आकडे बसवले."

पोरीला खोटं बोलायला आपणच लावलं! सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उद्या मी परीक्षकाले खरं सांगतो. चूक माझी हाय."

"चूक तुमची, सर. पण खोटं माझं. डिग्री तं गेलीच न?"

सरांना नाही म्हणवेना. तेवढ्यात वच्छलाबाई कप घेऊन आल्या. "सर, तुमच्यामुळं पोरगी एवढी शिकली. उद्या मी येऊ काय, तिचं कौतुक पाहाले?"

"या बाई," सर कसेबसे म्हणाले. "पण काही झालं तं पोरीले नावं ठेवू नोका. मले ठेवा."

सर मस्करी करून राह्यले, असं समजून ती माउली मनापासून हसली.