कोटाला टाचलेली चिठ्ठी

जीव द्यायला निघालेला शिंपी वाचला, त्याला वर्ष झालं. तेव्हापासून दर गुरुवारी तो समुपदेशक बाईंकडे बोलायला जाई. दोघांनी मिळून एक चिठ्ठी लिहिली होती: मन काळवंडलं की मशीन थांबवायचं, वहिनीला फोन करायचा.

परवा त्याने घोळ घातला. नावाच्या चिठ्ठीऐवजी हीच चिठ्ठी हेडमास्तरांच्या कोटाला टाचून दिली. गिऱ्हाईक महाखडूस. शिंप्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चिठ्ठी परत केली. आज बाईंनी तिच्यावरची लाल शाई वाचली: 'वहिनी उचलत नसेल तर मला करा. कधीही.' खाली नंबर. 'बाही अर्धा इंच लांब आहे.'

"बाही बरोबर होती," शिंपी म्हणाला. "तेवढंच सांगायला फोन लावला, तर तासभर बोलत बसलो."