जवळचा विमानतळ

यादीवाल्या बाईंचा फोन शनिवारी सकाळी सहा वीसला आला तेव्हा ताई दात घासत होती. ताई म्हणजे बस डेपोतली वेळापत्रकवाली. सख्खा भाऊ एकच, पण ताई म्हणणारा अख्खा डेपो. कुठली बस कधी सुटेल, कुठे किती मिनिटं थांबेल, चालक कुठल्या थांब्यावर चहा पिण्याच्या नावाखाली वेळ काढतो, सगळं तिच्या बोटांवर. बावीस वर्षं हेच काम. तिने ठरवलेल्या वेळेला बस आली नाही तर ती आधी बसवर संशय घ्यायची, वेळेवर नाही.

"किडनी आलीय," बाई म्हणाल्या. त्या मोठ्या शहरातल्या इस्पितळात बसायच्या आणि रुग्णांची यादी सांभाळायच्या. "तुमच्या भावाचा गट जुळतोय. पण तुमच्याकडच्या दोघांना बोलावलंय. दुपारी दीडच्या आत दोघांचं रक्त इथे पाहिजे. चाचणीत ज्याचं चांगलं जुळेल, त्याला. आणि दीड म्हणजे दीड हं. नंतर आलेलं रक्त लावता येत नाही, किडनीला तेवढा दम नसतो."

"दुसरं कोण?"

"ते सांगता येत नाही मला."

सांगायची गरजही नव्हती. त्यांच्या गावच्या डायलिसिसच्या खोलीत तो रक्तगट दोघांचाच होता. एक ताईचा भाऊ बारक्या, दुसरी त्याच्या शेजारच्या खाटेवरची टेलरबाई. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास, दोघं एकमेकांच्या शेजारी हात पसरून पडायचे आणि मशीन त्यांचं रक्त धुऊन परत द्यायचं. सहा वर्षांत त्यांनी एकमेकांना इतकं हसवलं होतं की नर्सने एकदा रागावून मध्ये पडदा ओढला होता. पडद्याआडूनही चालूच.

बारक्याला लहानपणी गमतीने बारक्या म्हणायचे, कारण तो चांगला गरगरीत होता. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी आजाराने त्याला खरोखरच बारीक केलं होतं. स्कूटर दुरुस्तीचं दुकान विकून झालं होतं. ताईने आपली किडनी पहिल्याच वर्षी पुढे केली होती. डॉक्टरांनी तिच्या रक्तातली साखर बघून नको म्हटलं. तेव्हापासून साखरेवर तिचा जो राग होता, तो जन्माचा. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बारक्याच्या हाताच्या शिरा आता संपत आल्यात, सुई टोचायला जागा उरली नाही, फार वाट बघण्यात अर्थ नाही. हे तिने बारक्याला सांगितलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं असं मात्र नाही.

तिने तोंड धुतलं आणि टेबलाशी बसली. बसने दहा तास, म्हणजे बस बाद. विमानं दोन. नऊ वीसचं शहराच्या लांबच्या विमानतळावर उतरणार, दहा चाळीसला. तिथून इस्पितळ चौऱ्याहत्तर किलोमीटर. नऊ पन्नासचं जवळच्या विमानतळावर उतरणार, अकरा पाचला. तिथून इस्पितळ अवघं अकरा किलोमीटर. कुणीही शहाणा माणूस जवळचा घेईल.

ताई शहाणी नव्हती, ती वेळापत्रकवाली होती. जवळच्या विमानतळासमोरचा उड्डाणपूल आज पहाटे पाचपासून सोमवारपर्यंत बंद होता. पंधरा दिवसांपूर्वी तशी नोटीस तिच्या टेबलावर आली होती आणि त्या पुलावरून जाणाऱ्या आपल्या डेपोच्या सगळ्या बस तिने स्वतःच्या हाताने दुसऱ्या रस्त्याला वळवल्या होत्या. त्या अकरा किलोमीटरला आज दोन तास लागणार होते, नशीब चांगलं असेल तर. लांबच्या विमानतळाखालून मात्र दर अर्ध्या तासाला रेल्वे सुटायची आणि इस्पितळाच्या दारात सोडायची. तिने नऊ वीसची दोन तिकिटं काढली.

तेवढ्यात रंगाऱ्याचा फोन आला. रंगारी म्हणजे टेलरबाईचा नवरा, घरं रंगवायचा. नखांत कायम कुठला तरी रंग.

"ताई, तुम्हालाही आला ना फोन? आम्हालाही आला. हिला तर काही सुचत नाहीये." तो बोलता बोलता फोनवरचा नकाशा बघत होता. "दोन्ही विमानांची तिकिटं मिळतायत. नकाशात जवळचा विमानतळ अकराच किलोमीटर दाखवतोय. तोच घेऊ ना? तुम्ही यातल्या जाणकार, म्हणून म्हटलं विचारून घ्यावं."

ताईच्या समोर तिकिटं उघडी होती. आत बारक्या शर्टाची बटणं लावता लावता शीळ घालत होता. सहा वर्षांत तिने त्याची शीळ ऐकली नव्हती.

"हो," ती म्हणाली. "जवळचाच बरा."

"तुम्ही कुठला घेताय?"

"बघतेय अजून."

फोन ठेवल्यावर तिने हात बघितला. हात अगदी स्थिर होता, आणि त्याचीच तिला भीती वाटली. आयुष्यात तिने कुणाला चुकीची वेळ सांगितली नव्हती. रागावलेल्या प्रवाशालाही नाही, सासुरवाडीला जायचा कंटाळा आलेल्या चालकालाही नाही. परत फोन करावा, असं तिच्या मनात आलं. आलं, आणि ती बारक्याची औषधं पिशवीत भरायला लागली.

त्यांच्या गावचा विमानतळ म्हणजे एक हॉल आणि दोन दारं. तिथे चौघांची गाठ पडणार हे तिच्यासारख्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं. टेलरबाई खुर्चीत बसली होती, अंगात स्वतः शिवलेला निळा ब्लाउज, नवा कोरा. बारक्याला बघताच ती हसली.

"दादा, किडनी तुम्हाला मिळाली तर तुमची खिडकीजवळची खाट माझी हं."

"आणि तुला मिळाली तर तुझं ते मऊ उशीचं कव्हर माझं," बारक्या म्हणाला. "लेखी देतेस का?"

"देते की. सही कुठल्या हाताने करू? एक तर मशीनला दिलाय."

दोघं हसली. एकाचं भलं झालं की दुसऱ्याचं राहणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. उगाच बोलून दाखवण्यात काय मतलब होता.

नऊ वीसच्या विमानाची घोषणा झाली तशी ताई उठली. रंगारी गोंधळला.

"तुम्ही लांबच्याला?"

"जवळचं भरलं होतं," ताई म्हणाली.

"अरेरे. आम्हाला मिळालं बघा शेवटचं." त्याचा चेहरा खरंच उतरला. "काळजी करू नका, ताई. आम्ही आधी पोचलो तर बाईंचे पाय धरीन, पण तुम्ही येईपर्यंत त्यांना थांबवून ठेवीन."

ताईने मान हलवली. बारक्या तिच्याकडे बघत होता. गेले पंधरा दिवस घरात जेवताना त्याने त्या बंद पुलाबद्दलची तिची कुरकुर ऐकली होती. पुलाचा खांबन् खांब त्याला पाठ झाला होता. त्याने औषधांची पिशवी उचलली आणि तो तिच्यामागे निघाला.

विमान वेळेवर उतरलं. अकरा पाचची रेल्वे त्यांना मिळाली. डब्यात गर्दी नव्हती. बारक्या खिडकीशी बसला, ताई त्याच्या समोर. दोन स्टेशनं गेल्यावर त्याने विचारलं.

"त्यांना तू सांगितलं नाहीस?"

"त्याने विचारलं. मी म्हटलं, जवळचाच बरा."

"म्हटलंस."

"हो. म्हटलं." तिचा आवाज चढला. "तुझ्या हाताची काय दशा झालीय ते बघितलंयस? डॉक्टर काय म्हणाले माहितीये तुला? मी काय करायला हवं होतं? तिला हाताला धरून तुझ्यापुढे नेऊन बसवायला हवं होतं?"

पलीकडच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने वर्तमानपत्र खाली केलं. बारक्याने खिशातून फोन काढला. अकरा वीस झाले होते. टेलरबाईचं विमान आता उतरलं असेल. त्या विमानतळावरूनही भुयारी रेल्वेने अर्ध्या वाटेपर्यंत जाता येतं, टॅक्सीत बसू नका एवढं सांगितलं तरी पुरे होतं. त्याने तिचा नंबर काढला. अंगठा तसाच वर धरून ठेवला.

ताईने त्याला अडवलं नाही. लाव म्हणालीही नाही.

पडद्यावरचा उजेड आपोआप विझला. बारक्याने फोन खिशात टाकला आणि खिडकीबाहेर बघत बसला, कारखाने, भिंती, वाळत घातलेले कपडे, जे येईल ते. "मला जगायचंय गं, ताई," तो काचेकडे तोंड करूनच म्हणाला. त्यावर तिला रडू फुटलं, आणि तिने ते पदराआड दाबलं.

बारा वीसला ते इस्पितळात होते. पाऊण वाजता बारक्याने हात पुढे केला, नर्सने तीनदा शीर चुकवून चौथ्यांदा रक्त काढलं. एक वाजता टेलरबाईचा फोन आला, गाडी जागची हलत नाही म्हणून. तेव्हा मात्र बारक्या ओरडला, उतरा, चालत निघा, लगेच. मग तो यादीवाल्या बाईंकडे गेला आणि पाच मिनिटं, दहा मिनिटं थांबा म्हणून गयावया करू लागला. आता करत होता. ताई भिंतीवरच्या घड्याळाखाली उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तिला त्याचा राग आला आणि लगोलग स्वतःची लाज वाटली.

बाई एक चाळीसपर्यंत थांबल्या. दोन वाजायला सात मिनिटं असताना रंगारी दारातून आत आला. टेलरबाई त्याच्या पाठीवर होती. शेवटचे तीन किलोमीटर त्याने तिला असंच आणलं होतं. निळा ब्लाउज घामाने काळा पडला होता. त्याला बोलता येत नव्हतं. तो नुसता घड्याळाकडे बघत होता आणि बाईंकडे बघत होता. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि खुर्ची पुढे केली.

साडेपाचला निकाल आला. बारक्याचं जुळलं नाही. सहा वर्षांत वेळोवेळी चढवलेल्या दुसऱ्यांच्या रक्ताने त्याच्या अंगात अशी काही भांडखोर द्रव्यं तयार केली होती की ही किडनी त्याच्या शरीराने तासाभरात मारून टाकली असती. किडनी त्याच शहरातल्या, यादीत राखीव ठेवलेल्या तिसऱ्या रुग्णाला गेली. बाईंनी हे सगळं नीट, सावकाश सांगितलं.

"तिचं जुळलं असतं का?" ताईने विचारलं.

"ते आता कसं सांगणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा कागद ओढला.

बारक्या बाकावर आडवा झाला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रंगाऱ्याने कुठूनतरी पाण्याची बाटली आणली आणि आधी ताईपुढे केली. "तुम्ही सकाळपासून काही घेतलं नाहीये, ताई. आमच्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही बरोबरच सांगितलं होतं, आमचंच नशीब आडवं आलं." मग तो परतीच्या तिकिटांचं बघायला खाली गेला.

टेलरबाई जिन्याजवळच्या खुर्चीत होती. पायातल्या चपला काढून बसली होती, टाचा सोललेल्या. ताई तिच्या शेजारी जाऊन बसली.

"टॅक्सीवाला सांगत होता," टेलरबाई म्हणाली, "पूल बंद होणार हे पंधरा दिवस आधी सगळ्यांना कळवलं होतं. बसवाल्यांनासुद्धा."

"हो."

"तुमच्या डेपोची बस जाते ना तिथून?"

"जाते. मीच वळवली."

टेलरबाईने मान खाली घातली आणि ब्लाउजच्या बाहीचा एक सुटा दोरा बोटाला गुंडाळत राहिली. ताईला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडली तर बरं होईल.

"तुम्ही किती वाजता पोचलात?"

"बारा वीस."

"म्हणजे आम्ही पोचलो असतो."

"पोचला असता," ताई म्हणाली. "मला वाटलं होतं, तू आली नाहीस तर त्याला मिळेल. तेवढंच वाटलं होतं. मी माफी मागत नाही, मागायला तोंड नाही मला. तू नवऱ्याला सांग, पोलिसांत सांग, काय करायचं ते कर."

"नवऱ्याला नाही सांगणार," टेलरबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "त्याला कळलं तर तो तुमचा जीव घेईल, आणि नाही घेतला तरी माझी खाट बदलून मागेल. मग मी चार तास कुणाशी बोलू? छताशी?" ती थांबली. मग तिने पहिल्यांदा ताईकडे सरळ बघितलं. "एकच सांगा. खरं सांगा. दादांना माहीत होतं?"

पलीकडे बाकावर बारक्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची पाठ हलत होती.

"नाही," ताई म्हणाली. "त्याला यातलं काहीच माहीत नाही."

टेलरबाईने मोठा श्वास सोडला. वाकून चपला पायात घातल्या, भिंतीचा आधार घेत उठली आणि लंगडत बारक्याच्या बाकाकडे गेली. त्याच्या पायाशी थोडी जागा होती तिथे बसली, आणि आपला हात तिने त्याच्या पाठीवर ठेवला.